लीला परबचे दोन तीळ

लीला परबला मी चोर म्हणतो ते उगाच म्हणत नाही. तिनं माझ्या घरातून रेडिओ पळवला. भरदिवसा, मी घरात असताना. आणि वर मलाच म्हणाली, "ओरडा किती ओरडायचं ते. रेडिओ काय तुमचा नव्हता."

ते मात्र खरं होतं. रेडिओ माझ्या बायकोचा होता, कौसाचा. कौसा आणि लीला साकीनाक्याच्या एका कारखान्यात एकाच बाकड्यावर बसून सोल्डरिंग करायच्या. मी शेजारच्या गल्लीत पॉवर प्रेसवर होतो. डाव्या हाताचं एक बोट अर्धं आहे ते त्या प्रेसनं घेतलं. आम्ही असल्फ्याला एकाच माळ्यावर राहायचो, मी आणि कौसा जिन्याजवळ, लीला गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला. लीलानं लग्न केलं नाही. कोणी का म्हणून विचारलं तर म्हणायची, "विसरले."

कौसा आधी गेली. लीला ह्या उन्हाळ्यात गेली, कुडाळकडे तिच्या गावी. खाली जिन्याजवळच्या फळ्यावर कोणीतरी खडूनं लिहिलं, 'मनमिळाऊ व परोपकारी लीलाताई परब यांना श्रद्धांजली'. ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. मनमिळाऊ म्हणे. त्या बाईनं अख्ख्या बिल्डिंगला नाचवलं. आता मी चौथी शिकलेला माणूस, लिहायचा सराव नाही, पण खोटं लिहिलेलं खपत नाही म्हणून बसलो.

ती दिसायला काटकुळी. नाकावर दोन चष्मे, एकावर एक. वरचा जवळचं बघायला, खालचा, तिच्या म्हणण्याप्रमाणे, "वरचा शोधायला". सोल्डरची तार तिनं डाव्या मनगटाला वेढे घालून बांगडीसारखी घातलेली असायची. काम निघालं की बांगडीचं टोक सोडवायचं, हवी तेवढी वितळवायची, परत गुंडाळायची. कौसा तिला म्हणायची, "लीले, तुझा चुडा रोज झिजतो गं." त्यावर ती म्हणायची, "नवऱ्यानं पण रोज झिजवलंच असतं, त्यापेक्षा हे बरं."

बोलणं आमच्यासारखंच मुंबईचं. पण रागावली की मालवणी आणि खूश झाली तरी मालवणी. म्हणजे मधल्या वेळेत काय तेवढी आमच्यासारखी.

कारखाना बंद झाला तसं तिनं गॅलरीत बाकडं टाकलं. आधी लोकांचे टेबलफॅन, मिक्सर. मग तिला एक खूळ लागलं. तिच्याकडे एक खण होता, त्यात नुसते चार्जर. बारीक पिनचे, जाड पिनचे, चपटे, तिरके. एकाचं तोंड दुसऱ्यात बसत नाही. त्यात मोबाईलला ते नवीन टाईप-सी आलं, उलटं घाला सुलटं घाला, बसतंच. लीला त्याच्या प्रेमात पडली. म्हणाली, "सगळ्यांचं तोंड एक झालं पाहिजे. माणसांचं जमलं नाही. निदान वस्तूंचं तरी करूया."

आणि सुरू झाली. आधी मच्छर मारायच्या रॅकेटी. ह्या रॅकेटी एक मोसम चालतात आणि मरतात, मग लोक त्या कपाटावर टाकून देतात, नवीन आणतात. लीला कपाटावरच्या मागून आणायची. आतली मेलेली बॅटरी काढायची. साकीनाक्याच्या भंगारवाल्याकडून लॅपटॉपच्या जुन्या बॅटरी आणायची, त्या फोडल्या की आत अंगठ्यापेक्षा जाडसर सेल निघतात, लिथियमचे. त्यातला एक रॅकेटीच्या दांड्यात. सोबत नखापेक्षा जरा मोठी निळी पट्टी, चार्जिंग करणारी. आणि बुडाला टाईप-सीचं तोंड. झकास. आमच्या बिल्डिंगमधले मच्छर पूर्वी पडायचे, आता फुटायला लागले.

पण एक होतं. लिथियमला ती घाबरून असायची. भीती नव्हे, मान. त्या निळ्या पट्टीवर एक बारका काळा चौकोन असतो, सेल जास्त भरू देत नाही, पार रिकामाही होऊ देत नाही. त्याला ती राखणदार म्हणायची. कोकणात गावाच्या वेशीवर राखणदार असतो म्हणतात, त्याला वर्षाला नारळ लागतो. आम्ही बाबासाहेबांच्या मागून आलेली माणसं, आमच्याकडे असलं काही नाही. मी तिला म्हणालो, "लीलाबाई, त्या चौकोनाला पण नारळ देता काय?"

"देते ना. खोबरं मी खाते. पण राखणदार नसेल तर लिथियम घरात ठेवायचा नाय. घर जळता."

जुना सेल ती तसा वापरायची नाही. आधी भरायचा, मग आठवडाभर खिडकीत उपाशी ठेवायचा. त्या वेळात ज्याचं वजन घटलं, म्हणजे ज्याची वीज आपोआप गळली, तो आजारी. काही सेल पाकिटासारखे चपटे येतात, ते बिघडले की पोट सुटतं त्यांचं. असले फुगलेले सेल तिनं एका मातीच्या मडक्यात वाळू भरून त्यात पुरून ठेवले होते, ई-कचरावाला येईपर्यंत. पेट घेतला तर वाळूत घेऊ दे म्हणून. मडकं गॅलरीच्या कोपऱ्यात, वर फुटकं कौल.

आता मालवणी बाई, एकटी, दाराबाहेर मडकं, त्यात वाळू आणि वर कौल. लोकांनी काय समजायचं?

आमचा सेक्रेटरी दळवी माझ्याकडे आला. हा दळवी म्हणजे सोसायटीचे नियम पाठ असलेला आणि जिना चढताना दम लागणारा माणूस. हळू आवाजात म्हणाला, "वानखडे, तुमचं तिच्याशी बोलणं आहे. त्या मडक्यात काय आहे?"

"सेल आहेत."

"नक्की?"

"मग काय असणार?"

"नाही, म्हणजे, वाळू आहे ना. शनिवारी मला तिथून जाताना पाय जड झाला."

मी म्हणालो, "दळवी, तुमचा पाय तुमच्या वजनानं जड होतो."

हे मी लीलाला जाऊन सांगितलं. मला वाटलं हसेल आणि मडकं आत घेईल. कसलं काय. दुसऱ्या दिवशी मडक्यावर लाल फडकं बांधलेलं. मी म्हणालो, "हे कशाला?" तर म्हणाली, "धूळ जाते आत." आणि वरचा चष्मा खाली घेऊन माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे विचारलं नाही. त्या दिवसापासून तिच्या दारासमोर कोणी चपला काढेना, पोरांचा क्रिकेटचा बॉल तिकडे गेला तर परत मागायला कोणी येईना. तिच्याकडे बॉलची टोपली भरली. दळवीनं लेखी नोटीस दिली, मडकं हलवा म्हणून. तिनं नोटिशीची पुडी करून त्यात मिरी ठेवली.

दळवीकडे एक भोंगा होता. हातात धरून बोलायचा, मोर्चात असतो तसला. सकाळी सातला खाली उभा राहायचा आणि सुरू, "पाणी सोडलेलं आहे. पाणी सोडलेलं आहे. दुसऱ्या माळ्यावर कोणीतरी नळ चालू ठेवून झोपलेलं आहे." त्या भोंग्याला सहा सेल लागायचे आणि भरभर संपायचे. शेवटी मडकं विसरून दळवी भोंगा घेऊन लीलाकडे आलाच. तिनं दोन दिवसांत करून दिला. लिथियम घातला, टाईप-सी बसवलं.

इथे तिची चूक झाली. म्हणजे आधीपासूनच होत होती, भोंग्यावर कळली.

दळवीच्या मुलानं नवीन मोबाईल घेतला होता. त्याचा चार्जर नवा, वायरीचं तोंड दोन्हीकडे टाईप-सी. ती वायर भोंग्याला लावली तर काही होईना. दिवा नाही, काही नाही. मग एकेक करून सगळी बिल्डिंग यायला लागली. ज्यांच्याकडे नवीन चार्जर, त्यांच्या रॅकेटी चार्ज होईनात. जुना चार्जर लावला, तो चपट्या तोंडाची वायर घेणारा, की होतात. लीला तीन दिवस बाकड्यावर डोकं धरून बसली. जेवली नाही. आणि चौथ्या दिवशी माझ्या दारात येऊन एकटीच हसायला लागली.

तेव्हा कौसाला जाऊन थोडेच दिवस झाले होते. मी दार लावून घेत होतो. कोणी आलं तरी ओ देत नव्हतो. लीला रोज सकाळी दारावर थाप मारायची आणि विचारायची, "भावोजी, आसात काय घरात?" मी गप्प. मग ती बाहेरूनच सांगायची, "आसंय म्हणाचा. एवढंच म्हणाचा असता. आसंय." आसंय म्हणजे आहे मी. तेवढंही मी म्हणत नव्हतो. त्या दिवशी मात्र ती हसतेय ऐकून उघडलं. आत आली, बसली आणि सांगायला लागली.

"भावोजी, जुना चार्जर आमच्या गावच्या पोस्टमनसारखा. घरात कोणी असो नसो, टपाल टाकून मोकळा. नवीन चार्जरला अक्कल आहे. तो आधी विचारतो, आसात काय घरात? आतून उत्तर आलं तरच करंट देतो. नाही आलं तर दारातूनच मागे फिरतो."

"उत्तर कोण देणार?"

तिनं पदराच्या गाठीतून कागदाची पुडी काढली. आत तिळाएवढे काळे दाणे. "हे दोन. तोंडाच्या आतल्या बाजूला एक इकडे, एक तिकडे. रेझिस्टर. म्हणजे वायर सुलटी घाला नाहीतर उलटी, कोणीतरी आतून आसंय म्हणणार. मी भोक पाडलं, तोंड बसवलं, राखणदार बसवला. आणि हे दोन तीळच घातले नाहीत. एवढी वर्षं सोल्डरिंग केलं मी. गाढवीण."

मग पुडी बांधता बांधता म्हणाली, "काही माणसांचे पण गळून पडतात."

मी म्हणालो, "चहा घ्यायचा तर घ्या, नाहीतर जा."

ती चहा घेऊन गेली. पुढचा महिना तिनं सगळ्या रॅकेटी, टॉर्च, कोणाचा हातपंखा, कोणाचं वजनाचं यंत्र, सगळं परत मागवलं आणि सगळ्यांत दोन दोन तीळ घातले. फक्त दळवीचा भोंगा तसाच ठेवला.

"त्याच्यात का नाही घातले?"

"नोटीस दिली ना मला. आता येऊ दे दर चार दिवसांनी. माझी जुनी वायर लागते त्याला."

आणि दळवी यायचा. भोंगा तिच्या वायरीला लावायचा आणि लाल दिव्याचा निळा होईपर्यंत मडक्याकडे पाठ करून स्टुलावर बसायचा. ती त्याला सोलकढी पाजायची आणि गॅलरीच्या गळतीबद्दल ऐकवायची. भोंगा भरेपर्यंत माणूस उठून जाऊ शकत नाही. आमची गॅलरी पंधरा वर्षं गळत होती, त्या वर्षी दुरुस्त झाली. मी आपल्या दारातून बघायचो आणि हसायचो. कौसा गेल्यावर मी पहिल्यांदा हसलो ते त्या दळवीला स्टुलावर बघून.

आता रेडिओचं.

कौसाचा रेडिओ बाहेरच्या खोलीत खिडकीवर असायचा, कारण आमच्याकडे स्टेशन तिथेच लागतं. तीन मोठे सेल. ते तीन सेल कौसानं स्वतःच्या हातानं घातले होते, दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात. ती गेल्यावर मी रेडिओ लावला नाही. लावला तर सेल संपतील. संपले तर बदलावे लागतील. मग तिनं घातलेलं काय उरलं? कोणाला हा वेडेपणा वाटेल. वाटू दे.

लीलाला मात्र हे सहन होईना. "भावोजी, सेल आत ठेवून रेडिओ बंद ठेवू नये. सेल फुटतो. पाणी सुटतं. पत्रा खातो."

"खाऊ दे."

"माझ्याकडे द्या. लिथियम घालते, टाईप-सी करून देते."

"त्याला हात लावायचा नाही."

"तिका काय वाटला असता?"

"तिला काय वाटलं असतं ते मला माहीत आहे."

"तुमका काय माहीत. बारा तास माझ्या मांडीला मांडी लावून बसायची ती. तुमका फक्त रात्रीची माहीत."

असं भांडण रोज. आणि मग ती डबा घेऊन आली.

आमच्या माळ्यावर पद्धत आहे, कोणाचा डबा रिकामा परत द्यायचा नाही. काहीतरी घालायचं, चिमूटभर साखर का होईना. कौसा होती तोवर ह्याची मला काळजी नव्हती. लीलानं बांगड्याचं तिखलं आणलं, आणि दारातच बसली. म्हणाली, "डबा आत्ता रिकामा करून द्या, मला गावाला जायचंय उद्या, डबा लागेल." मी आत गेलो. तिखलं पातेल्यात ओतलं, डबा घासला. आता घालायचं काय? साखर संपलेली. गुळाच्या डब्यात मुंग्या. मी एकेक डबा उघडतोय, झाकण लावतोय. शेवटी दोन कांदे आणि एक आल्याचा तुकडा घातला आणि बाहेर आलो.

बाहेर कोणी नाही. खिडकीत धुळीचा एक चौकोन.

मी तसाच डबा घेऊन गॅलरीतून गेलो. लोक बघत होते. तोंडाला येईल ते बोलत होतो, ते इथे लिहीत नाही. लीला बाकड्यावर बसली होती, रेडिओचं मागचं झाकण काढलेलं. तिनं वर बघितलं नाही. रेडिओ फक्त माझ्याकडे वळवला.

"बघा. ह्यां तुमचा प्रेम."

तीनही सेल फुगून एकमेकांना चिकटले होते. पांढरं मीठ साचलेलं. स्प्रिंगा हिरव्या पडलेल्या, एक तुटून खाली पडलेली. तपकिरी पाणी ओघळून आतल्या तारेपर्यंत गेलेलं. अजून दोन बोटं पुढे गेलं असतं तर आतल्या पट्टीवर गेलं असतं आणि रेडिओ संपला असता. कौसाची खूण म्हणून मी जे सांभाळत होतो तेच तिचा रेडिओ खात होतं.

मी स्टुलावर बसलो. दळवीच्या स्टुलावर.

लीलानं काही शिकवलं नाही. डबा उघडला, कांदे बघितले आणि म्हणाली, "कांदे बरे आहेत. आलं वाळलंय." मग आमसुलं भिजवलेलं पाणी आणलं. गावाकडे तांब्यापितळेची भांडी त्यानंच घासतात. कापसाच्या बोळ्यानं एकेक स्प्रिंग पुसत बसली. तीन सेल तिनं कागदात गुंडाळून माझ्यासमोर ठेवले. "ठेवायचे तर ठेवा. पण मडक्यात."

मी मडक्याचं फडकं सोडलं. माझ्या हातानं वाळूत पुरले.

मग एकच अट घातली. रेडिओला नवीन भोक पाडायचं नाही. ती म्हणाली, "मग काय तोंडातून घालू?" रेडिओच्या कुशीला अॅडॉप्टरचं एक गोल भोक होतं, कारखान्यातूनच आलेलं. कौसानं अॅडॉप्टर कधी घेतला नाही, म्हणायची विजेचं बिल वाढेल. लीलानं ते बोटानं चाचपलं आणि कानस माझ्या हातात दिली. "प्रेसवाले ना तुम्ही? बसा. दोन्ही बाजूंनी गोल, मधे लांब. इकडे तिकडे झालं तर कौसा विचारील."

मी दुपारभर कानस मारली. किती वर्षांनी हातात कानस आली होती. भोक बरोबर झालं, वर थोडी फट उरली ती लीलानं लांबीचा लगदा भरून बुजवली. सेल तिनं घातला, निळी पट्टी, राखणदार. मग बटण फिरवलं. आधी खरखर, मग एक बाई बातम्या द्यायला लागली. कोणती बाई, काय बातम्या, मला आठवत नाही. लीला नाक शिंकरत आत गेली ती बराच वेळ आलीच नाही.

दोन नियम तिनं घालून दिले. पहिला, भरताना वाजवायचा नाही, खरखर येते. "जेवताना माणूस गातो काय?" आणि दुसरा, भरायला तिच्याकडेच आणायचा. कारण माझा मोबाईलचा चार्जर नवा, बाहेरगावी असलेल्या माझ्या पोरानं दिलेला, तो लावला तर रेडिओ काही घेईना. ती म्हणाली, "जुना जीव आहे, नवीन चार्जर त्याला सोसत नाय."

मला तेव्हा कळायला हवं होतं. मी दळवीवर हसणारा माणूस. पण नाही कळलं. दर तीन-चार दिवसांनी मी रेडिओ बगलेत मारून गॅलरीच्या त्या टोकाला जायचो आणि लाल दिव्याचा निळा होईपर्यंत बसायचो. रेडिओ गप्प. मग बोलणार कोण? लीला. कौसा बाकड्यावर काय काय करायची, सुपरवायझरची नक्कल कशी करायची, डबा कोणाबरोबर बदलायची. मला काहीच माहीत नव्हतं. एकदा म्हणाली, "कौसा तुमका काय म्हणायची सांगू? कुकर."

"का?"

"शिट्टी झाल्याशिवाय आत काय शिजतंय कळत नाय."

माळ्यावर कुजबूज सुरू झाली. म्हातारा रेडिओ घेऊन जातो, तासभर बसतो. मी लीलाला म्हणालो, लोक बोलतात, मी संध्याकाळी अंधार पडल्यावर येत जाईन. ती कठड्याला टेकून मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "नाय, दुपारीच या, भावोजी. अंधारात आलात तर लोकांना दिसणार कसं?" समोरच्या दोन खिडक्या पटकन बंद झाल्या.

मग तिचा हात थरथरायला लागला. आधी थोडा, नंतर चष्मा घालतानाही. सोल्डर टिपायला गेली की डाग भलतीकडे पडायचा. तिनं कोणाला सांगितलं नाही, पण काम घेणं बंद केलं. बॉलची टोपली पोरांना वाटून टाकली, तेव्हा मला कळलं. पुतण्या न्यायला येणार होता.

जायच्या आदल्या दिवशी माझ्या दारात आली. "रेडिओ आणा. आणि तुम्ही पण या."

तिनं मागचं झाकण उघडलं. पदराच्या गाठीतून पुडी काढली. ती पुडी बघितली आणि मला सगळं समजलं.

"लीलाबाई," मी म्हणालो, "तुम्ही माझ्यात पण नव्हते घातले?"

"रेडिओत नव्हते घातले," ती म्हणाली. "आणि सेल पण मुद्दाम आजारी घातला होता. चांगला घातला असता तर तुम्ही पंधरा दिवस तोंड दाखवलं नसतं."

मला राग यायला हवा होता. मला दळवी आठवला, स्टुलावर बसलेला, आणि मी त्याला हसत होतो ते आठवलं. मग हसू आलं ते आवरेना. ती पण हसत होती, त्यामुळे तिचा हात आणखी हलत होता.

"माका आता तीळ ठेवता येणा नाय," ती म्हणाली. "चिमटा तुम्ही धरा."

मी धरला. अर्ध्या बोटाला चिमटा बरा टेकतो. तीळ जागेवर दाबून ठेवला, तिनं दोन्ही हातांनी सोल्डरिंगची तापलेली इस्त्री धरून नुसती टेकवली. मनगटावरची बांगडी सोडवून तार मी पुढे केली. एक इकडे, एक तिकडे. सेलही बदलला, खिडकीतला सगळ्यात धडधाकट. मग मोबाईलचा माझा नवा चार्जर लावला. लाल दिवा लगेच लागला.

"आता कुठल्याही चार्जरवर चालेल," ती म्हणाली. "माझी गरज नाय."

मी चिमटा पुसून जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याची गाडी आली. मला गुडघ्यामुळे सामान उतरवायला जमलं नाही, मी माझ्या दारासमोर कठड्याशी उभा होतो, आत खिडकीवर रेडिओ चालू. लीला माझ्यासमोरून गेली ती थांबली नाही. निरोप घ्यायचा तिला तिटकारा. खाली उतरली तेव्हा पहिल्या माळ्यावर गडबड ऐकू आली. मागाहून वॉचमननं सांगितलं, दळवीच्या उंबऱ्याबाहेर मडकं ठेवलेलं, लाल फडकं बांधलेलं. सेल तिनं कधीच ई-कचरावाल्याला दिले होते, कौसाचे तीन पण, मला विचारून; आत नुसती वाळू. पण हे दळवीला कोण सांगणार? तो दारात उभा, एक पाय उचललेला, बाहेर टाकता येईना. "वॉचमन," म्हणून ओरडत होता. भोंगा नव्हता त्याच्याकडे. भोंगा लीलाकडे होता, शेवटची दुरुस्ती म्हणून आदल्या दिवशी मागून घेतलेला.

ती गाडीत पुढे बसली. काच खाली केली. आणि भोंगा तोंडाला लावला.

"भावोजी." सगळ्या आवारात घुमलं. वरचे, समोरचे, सगळे गॅलरीत आले. "भावोजी, आसात काय घरात?"

मी तिला दिसत होतो. मी कठड्याशीच होतो, हात हलवला असता तरी पुरलं असतं. पण ती वाट बघत होती, भोंगा तोंडाशी धरून, हात थरथरतोय तरी. समोरच्या खिडक्यांतून लोक माझ्याकडे बघत होते.

मी कठडा धरला आणि जन्मात पहिल्यांदा मालवणी बोललो.

"आसंय."

"ऐकू येणा नाय."

"आसंय," मी ओरडलो, "आसंय म्हटलं ना."

तिनं भोंगा वॉचमनच्या हातात दिला, वरचा चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि काच वर केली.